मावळतीची बस

“कुणी ‘कुठं’ म्हणून विचारायचं नाही. निघालेल्या माणसाला कुठं विचारलं, की त्याची वाट अडते.”

हा आवाज मरियमबीच्या सासूचा. अर्ध्या शतकापूर्वीचा, पण अजून ओला. खाडीच्या काठावर, ओहोटीच्या चिखलात पाय रोवून, पदर कमरेला खोचून सासू उभी होती आणि समोर पाण्यात लांच डुलत होती. लांचेवर पत्र्याची ट्रंक मांडीशी धरून वीस वर्षांचा युसुफ बसला होता. मरियमबीच्या हातावरची लग्नाची मेंदी अजून फिकी पडली नव्हती. नेमका तोच प्रश्न तिच्या ओठावर आला होता. सासूचा आवाज ऐकला आणि तिनं तो गिळला.

विचारून तरी काय मिळालं असतं? युसुफलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते नाखव्याला, आणि नाखवा नुसता हात लांब करून म्हणाला होता, “मावळतीला.” गावातल्या बायकांना तेवढा पत्ता पुरे होता. संध्याकाळी सूर्य जिथं बुडतो तिथं आपला माणूस आहे, आपल्याकडं अंधार झाला तरी त्याच्या डोक्यावर अजून थोडं ऊन आहे, एवढं मनाशी म्हणायचं आणि दिवा लावायला घरात वळायचं. मरियमबीनं त्या दिवसांत पहिली ओवी बांधली:

मावळतीच्या देशी माझा राजा गेला गं,
खारं पाणी ओलांडून गोड सांगावा आला गं.

तो देश तेव्हा नुकता जन्मला होता, रांगत होता. त्याला पाय फुटायचे होते, म्हणजे रस्ते. अबुधाबीहून पश्चिमेला, वाळूतून आणि मिठागरासारख्या पांढऱ्या सपाटीतून एक नवा रस्ता निघाला होता. त्याची माती दाबताना तिच्यावर पाणी शिंपडावं लागे. ती पाण्याच्या टाकीची गाडी युसुफ चालवायचा. रस्ता पुढं सरकला की तंबू पुढं सरकायचा. मावळतीला आलेला माणूस आणखी मावळतीला निघाला होता. सुट्टीत घरी आला की म्हणायचा, “लोकांच्या गाडीपुढं रस्ता असतो गो. माझ्या गाडीच्या मागं असतो.” मरियमबीनं तेही वाया घालवलं नाही:

काळी गं सडक वाळूवर अंथरली,
पाणी शिंपून शिंपून राजानं निजवली.

पुढं तीही आली. विमानानं, मुलाला कडेवर घेऊन. आणि आता ती दोघं शारजात, अल मजाजच्या तळ्याकाठी, एका उंच इमारतीत मुलाच्या घरी राहत होती. मुलगा झुबेर, सून फिरदोस आणि नात यम्ना, जी मराठी सगळं समजे आणि उत्तर इंग्रजीत देई. युसुफची सत्तरी उलटली होती, मरियमबीची नुकतीच. पण कोकणी लोकांत शारजापासून अल मनखूलपर्यंत कुठंही हळद असली, की आधी हॉल ठरे आणि मग मरियमबी ठरे. ती गायला लागली, की लिपस्टिक लावलेल्या बँकवाल्या पोरीसुद्धा नाक ओढायला लागत. गाणी सगळी गावाची. खाडी, वाडी, फणसाचा वास, लांचेची वाट बघणाऱ्या बायका. फिरदोस मैत्रिणींना सांगे, “आमच्या अम्मींचा जीव अजून गावातच आहे. इथं नुसतं शरीर आहे.”

मरियमबी हे ऐके आणि मान हलवे. ह्या मान हलवण्यानंच पुढचा सगळा घोटाळा केला.

झुबेरची बदली झाली रुवैसला. शारजाच्या माणसाला रुवैस म्हणजे जवळजवळ देशाचं दुसरं टोक. अबुधाबी गाठायची, आणि मग समुद्राच्या कडेकडेनं पश्चिमेला जात राहायचं. जूनपासून तिकडं हजर व्हायचं होतं. कंपनीचं घर लहान. झुबेरनं जेवणावर बातमी सांगितली आणि शेवटी, खास राखून ठेवलेला खाऊ काढावा तसं म्हणाला, “आणि अम्मी, आता खलास. तुम्ही दोघं सुटलात. गावच्या घराला रंग लावून घेतोय. टॉयलेट वेस्टर्न करायला सांगितलंय. आता खाडीकाठी बसायचं आणि आराम करायचा.”

फिरदोसच्या डोळ्यांत पाणी आलं. “अम्मींचं गाणं खरं झालं,” ती म्हणाली.

मरियमबी म्हणाली, “अल्लाचा शुक्र.” मग स्वयंपाकघरात गेली आणि घासलेला तवा पुन्हा घासत बसली.

तिला जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती आणि ती सांगायला तोंड उघडत नव्हतं. जी बाई चाळीस वर्षं गाव गाऊन लोकांना रडवते, तिनं आता कुठल्या तोंडानं सांगायचं की मला तिथं नको?

ती युसुफकडं बघे. युसुफ भात कालवत असे. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. वाळवंटात फार दिवस काढलेल्या माणसाचा चेहरा, एकसारखा.

आणि मग युसुफचे शनिवार सुरू झाले.

शनिवारी तो पहाटे उठे. दाढी करे. इस्तरीचा शर्ट, अत्तराचं एक बोट, आणि दारात बूट घालताना म्हणे, “येतो.” की गेला. तो परत येई तेव्हा तळ्याकाठचे दिवे लागलेले असत. बुटांना पांढरी रेती. शर्टाला माशांचा पुसट वास. चेहऱ्यावर परीक्षा बरी गेलेल्या पोराचा भाव.

विचारायचं कसं? सासूला जाऊन वीस वर्षं झाली, पण तिचा नियम मरियमबीनं ह्या घरात असा काही चालवला होता, की झुबेर ऑफिसला निघाला तरी त्याला कुणी कुठं म्हणून विचारत नसे. पूर्वी एकदा फिरदोसनं चुकून विचारलं, तर मरियमबीनं मुलाला परत बसवलं, पाणी पाजलं आणि मगच लिफ्टपर्यंत जाऊ दिलं. आता तोच नियम तिच्या गळ्याशी आला होता.

म्हणून ती कडेकडेनं विचारे.

“छत्री देऊ का? ऊन असेल.”

“ऊन सगळीकडंच असतं.”

“तिथली माणसं चहा विचारतात, की नुसती बसवून ठेवतात?”

“विचारतात की. बिस्कीटही देतात.”

बिस्कीट. मरियमबी दिवसभर त्या बिस्किटावर विचार करत राहिली. बिस्कीट देतात म्हणजे ऑफिस असणार. ऑफिस म्हणजे तिकिटाचं.

“शर्टाला मासळीचा वास येतोय तुमच्या.”

“जेवलो.”

“कुणी रांधलं?”

“मिशीवाल्यानं,” युसुफ म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

घरात ज्याचं त्याचं अनुमान होतं. झुबेरला वाटे, अब्बा जुन्या मित्रांना भेटून निरोप घेतायत. फिरदोसला वाटे, गावाला न्यायला सोनं बघतायत. यम्ना म्हणाली, “दादी, मेबी ही हॅज अ गर्लफ्रेंड.”

“असू दे,” मरियमबी म्हणाली. “तिला पण बिस्कीटच मिळत असेल.”

“दादी, जस्ट आस्क हिम.”

“विचारायचं नसतं. वाट अडते.”

“नोबडीज वाट इज अडिंग. ही हॅज अ बस कार्ड.” यम्नानं फोन पुढं केला. “अँड आय कॅन सी हिज लोकेशन, यू नो. वाँट मी टु चेक?”

मरियमबीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. फोननं विचारलं तरी ते विचारणंच. मग थोड्या वेळानं तिनं एका कानावरचा हात काढला.

“नाव सांगू नको. नुसतं जवळ की लांब, तेवढं सांग.”

“सुपर लांब.”

“पाणी आहे का तिथं?”

“ही इज लिटरली ऑन द सी, दादी.”

“होड्या?”

“इट्स अ मॅप. इट डझन्ट शो होड्या.”

होड्यांची गरजही नव्हती. कारण त्याच आठवड्यात मरियमबीनं स्वतःच्या डोळ्यांनी एक गोष्ट पाहिली होती. दुपारी ती नमाज आटपून उठली, तर युसुफ मोजपट्टी घेऊन तिच्या लोखंडी कपाटापुढं उभा. उंची मोजली, रुंदी मोजली, दार उघडून दाराचा घेर मोजला. मग दिवाण. आणि मग, तिचा विश्वास बसेना, उकिडवं बसून त्यानं तिचा पाटा मोजला. गावाहून आणलेला दगडी पाटा, ज्यावर ती अजून वाटण वाटते आणि जो आपल्याला उचलावा लागू नये म्हणून फिरदोसनं घरात मिक्सरला मानाचं स्थान दिलंय.

“काय करताय?”

“उगाच. मोजतोय.”

माणसं उगाच पाटा मोजत नाहीत. मोजणी, समुद्र, माशांचा वास आणि बिस्कीट. मरियमबीनं चारही एकत्र वाटले आणि तिला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या कुठल्या बाईला हे दिसलं नसतं. पण खाडीकाठची बाई ती: समुद्र म्हटलं की तिच्या मनात आधी लांच येते, आणि लांच म्हटलं की कोकण. माणूस विमानानं जातो. पण कपाट? दिवाण? पाटा? ते लांचेनंच जाणार. युसुफ कुठल्याशा बंदरावर जाऊन घर समुद्रावर घालायची तयारी करत होता. एकदा कपाट गेलं की मागोमाग कपाटाच्या मालकिणीला जावंच लागणार.

त्या शनिवारी युसुफ बूट घालायला दारात आला, तर तिथं मरियमबी आधीच उभी. बुरखा, चप्पल, हातात पिशवी.

“मी येते,” ती म्हणाली.

युसुफनं तिच्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. “अगं, पण तू कु...”

“विचारू नका. निघालेल्या बाईला पण तोच कायदा.”

युसुफनं जीभ चावली. मग हसला, मिशीच्या एका कोपऱ्यातून, लांचेवर बसून हसला होता तसा. “चल तर. पण लांब आहे गो.”

“लांब आहे ते ठाऊक आहे,” मरियमबी म्हणाली, आणि मग ठाऊक कसं हे सांगावं लागू नये म्हणून पुढं होऊन लिफ्टचं बटण दाबलं.

शारजा ते अबुधाबी बस गार होती आणि लोक झोपले होते. अबुधाबीला दुसरी बस. ही पश्चिमेची. तिच्यात प्लँटवर निघालेले कामगार, दोन नर्स, एक पठाण आणि त्याची सतरंजी. खिडकीशी बसल्या बसल्या मरियमबीनं पिशवी उघडली. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सोड्यांचं सुकं. सुकवलेल्या कोळंबीचा तो वास एसीच्या वाऱ्यावर स्वार झाला आणि सगळ्यात पुढच्या सीटपर्यंत जाऊन ड्रायव्हरला भेटला.

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. “अम्मा, बस में खाना मना है.”

“खा नहीं रहे, बेटा. सिर्फ देख रहे हैं.”

“देखने से इतनी खुशबू?”

“डब्बा बंद करेंगे तो खराब होगा. तुमको दूँ थोडा?”

ड्रायव्हरनं मान हलवली, ती नाही म्हणून की हो म्हणून हे पहिल्या थांब्यावर कळलं. तिथं त्यानं उतरून हात धुतले आणि भाकरीचा तुकडा घेऊन बसच्या सावलीत उभा राहिला. नंतर बसमध्ये वासाविषयी कुणी बोललं नाही.

रस्ता रुंद होता, काळा, गुळगुळीत. युसुफ खिडकीतून बोट दाखवत होता. आज त्याला बोलायला सुचत होतं.

“इथं आमचा पहिला तंबू.”

“इथं पेट्रोल पंप आहे.”

“त्याच्याखाली. आणि ते पुढं, तिथं माझी गाडी पांढऱ्या चिखलात रुतली होती. सगळ्या कॅम्पनं मिळून ओढली.”

“तिथं तर बर्गरवाला आहे.”

“त्याच्याखाली.”

“तुमचं सगळं तारुण्य कुणाच्या ना कुणाच्या खालीच गेलंय,” मरियमबी म्हणाली.

युसुफ खूश होऊन हसला. मागच्या सीटवरचा पठाणही हसला. त्याला काही कळलं नव्हतं, पण भाकरी त्यालाही मिळाली होती.

रस्त्याच्या कडेनं, जरा लांबून, रूळ सोबत करत होते. एक मालगाडी आली, येतच राहिली. डबे संपता संपेनात. मरियमबी डोळे विस्फारून बघत होती.

“माणसांची गाडी पण येतेय,” युसुफ म्हणाला. “तयारी चालू आहे. मग रुवैसकडं जायला बस कशाला लागतेय.”

“तुम्हाला वाईट वाटतंय.”

“मला कशाला? रस्त्याला वाटत असेल.”

“रस्त्याच्या वतीनं तुमचं तोंड का उतरलं?”

“गाडीला काय, रूळ टाकले की त्यावरून जायचं. इकडं नाही, तिकडं नाही. आमच्या वेळी वारा आला की रस्ता गायब. आदल्या दिवशीचं काम वाळूच्या पोटात. मग पुन्हा पाणी, पुन्हा रोलर.” त्यानं काचेवर बोटानं एक रेघ ओढली. “मजा होती त्यात.”

मरियमबीला बोलायचं होतं. बस सुटल्यापासून एक वाक्य तिच्या घशाशी येऊन परत जात होतं. ‘माझं कपाट कुठं जाणार नाही.’ नाही, ‘कुठं’ शब्द नको. ‘माझं कपाट आहे तिथंच राहील.’ आहे तिथं राहणार नव्हतंच; शारजाचं घर तर सुटणारच होतं. मग ती मनातल्या मनात यमक जुळवू लागली, कारण गाण्यात गोष्टी सोप्या होतात. पण त्या दिवशी यमकही रुसून बसलं.

मिर्फाला ते उतरले. लहानसं गाव. रुंद, रिकामे रस्ते, बुटकी घरं, मशिदीचा मिनार, आणि सगळ्यांच्या मागं निळा, आळशी समुद्र. थांब्यासमोर चहाचं दुकान होतं आणि दुकानात भरघोस मिशीचा एक चाळिशीचा माणूस. हा नोमान. दापोलीकडचा, त्याचा बाप आणि युसुफ एकाच कॅम्पवर होते.

“चाची,” नोमान दुकानाबाहेर आला, “अखेर आणलं चाचांनी तुम्हाला. बसा, बसा. मावरं तळायला टाकलंय.”

मिशीवाला मिळाला. मग चहा आला, आणि बशीत बिस्कीट. मरियमबीनं त्या बिस्किटाकडं फार वेळ पाहिलं.

युसुफ हात धुवायला गेला. नोमान कुठं निघालेला नव्हता, आपल्या दुकानात उभा होता. म्हणजे त्याला काहीही विचारायला मुभा होती.

“नोमान, बाळा, तुझे चाचा इथं येऊन काय करतात?”

“मोजतात, चाची.”

“काय मोजतात?”

“जे दिसेल ते. मागच्या शनिवारी माझा फ्रीज मोजला. म्हटलं चाचा, हा विकायचा नाहीये.”

“आणि होड्या? ह्या इथल्या लांचा...” तिनं धक्क्याकडं बोट केलं. तिथं एक माणूस खोकी दोरीनं बांधत होता. “ह्या लांचा कोकणात जातात का रे?”

नोमाननं धक्क्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. “चाची, ह्या हामूर पकडायला जातात आणि दुपारी घरी येतात. कोकणात गेल्या तर इथं जेवायचं काय?”

युसुफ आला. चहा उभ्यानंच संपवला. आज तो जरा घाईत होता, आणि घाईत असला की तो शर्टाच्या बाह्या सारख्या खाली ओढे. “नोमान, मालक आला का?”

“दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर येतो म्हणालाय. चाचा, आज हो की नाही ते सांगून टाका. एका इजिप्शियन मास्तरानं पण विचारलंय.”

“बघतो,” युसुफ म्हणाला. “चल गो.”

दोन गल्ल्या ओलांडून ते एका घरापाशी आले. पांढरी भिंत, आत खजुराची दोन झाडं, आणि आवाराच्या कोपऱ्यात मोठ्या घराला टेकून बांधलेल्या दोन खोल्या. अशा जोडखोल्यांना इथं मुलहक म्हणतात. मालक मोठ्या घरात, भाडेकरू ह्यात. दार निळं होतं. युसुफनं खिशातून किल्ली काढली.

किल्ली ह्याच्याकडं कशी, असं मरियमबीच्या मनात आलं, पण तोवर दार उघडलं होतं.

खोली रिकामी होती. स्वच्छ पुसलेली. आणि फरशीवर खडूनं चौकोन काढले होते. एक लांबट, भिंतीशी. एक आखूड, त्याला बाहेरून चतकोर गोलाची रेघ. एक खिडकीखाली, पाट्याएवढा.

पाट्याएवढा नव्हे. तो पाटाच होता.

मरियमबी हळूहळू आत गेली. आधी तिला वाटलं, गोदाम. लांच येईपर्यंत सामान इथं ठेवणार. मग तिला चतकोर गोलाची रेघ कळली. ते कपाटाचं दार होतं, उघडताना फिरणारं. गोदामात कुणी कपाटाचं दार उघडून बघत नाही. भिंतीला एक खुंटी होती, नवीन, इतकी खाली की युसुफला तिथं काही अडकवायचं तर वाकावं लागलं असतं. तिच्या खांद्याला मात्र ती बरोबर होती. मोरीच्या दारात धरायला एक स्टीलचा दांडा बसवला होता.

ती कपाटाच्या चौकोनात जाऊन उभी राहिली.

युसुफ उंबऱ्यातच होता. त्याला बोलायचं होतं आणि तो बाह्या ओढत होता.

“झुबेरचं घर इथून पाऊण तासावर,” तो म्हणाला. “शनिवार-रविवार पोरं इथं येतील. नाहीतर आपण जाऊ; बस आहे, उद्या गाडी येईल. शेजारी दवाखाना आहे. मासळी रोजची. नोमानची बायको दापोलीची, ती तुला गाणं शिकव म्हणतेय.” एवढं एका दमात झालं. मग आवाज खाली आला. “मालकानं मोजायला किल्ली दिली, खुंटी-दांडा बसवू दिला, पण त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. दर शनिवारी येतो, मोजतो आणि परत जातो. पोरानं गावाचं काढलं त्या दिवसापासून अडलोय.”

“कशानं अडलाय?”

“तुझ्या गाण्यानं.”

मरियमबीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“मला नाही गो परत जायचं,” युसुफ म्हणाला. “मी मावळतीला निघालेला माणूस, मला उलटं चालता येत नाही. पण तू जन्मभर गाव गायलीस. बायकांना रडवलंस. मी मागं बसून ऐकायचो आणि म्हणायचो, हिला एकदा परत न्यायला हवं. आता पोरगा नेतोय, तर मी कोण आडवा येणार? तू गाव म्हणालीस, तर हे खडूचं पुसून टाकतो. बॅग भरतो. मनापासून भरीन, तोंड पाडणार नाही. म्हणून तुला काही सांगितलं नाही. आज तूच दारात येऊन उभी राहिलीस.”

मशिदीतून अजान सुरू झाली. अजान संपली तेव्हा मालकाच्या यायला फार वेळ उरला नव्हता.

मरियमबीनं खाली पाहिलं. “दिवाण खिडकीपासून लांब आहे,” ती म्हणाली.

“सरकवता येईल.”

“पाटा इथं ठेवला तर येता-जाता ठेच लागेल.”

“तो पलीकडच्या खोलीत टाकू.”

“कपाटाचं दार भिंतीला लागेल.”

“मोजलंय. लागत नाही.”

“कपाट आणणार कोण? लिफ्टमध्ये मावत नाही ते.”

“मावतं. लिफ्ट पण मोजली.”

आता तिच्यापाशी काढायला काही उरलं नाही. तिनं खिडकीच्या गजांना धरलं. बाहेर खजुराच्या झाडाखाली मालकाची मांजर पसरली होती. गळ्यात ओवी येते का म्हणून तिनं वाट पाहिली. ओवीत घातलं असतं, तर शब्दांना पदर मिळाला असता. आली नाही. मग ती युसुफकडं वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा यमकाशिवाय बोलली.

“मागच्या वर्षी दोन महिने गावात होतो ना, तेव्हा मी रोज हसत होते. ते खोटं होतं. आळीत सगळ्या दारांना कुलपं. ज्यांच्याबरोबर गायले त्या सगळ्या इकडं. एक आपल्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, दोघी अल मनखूलला. भांडायला सुद्धा कुणी नव्हतं तिथं. संध्याकाळी खाडीवर बसायचे आणि मावळतीकडं बघत तुमच्या त्या लिफ्टची आठवण काढायचे. लोकांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. चाळीस वर्षं गाव गायलं, आता तोंडघशी कशी पडू?” तिनं गज सोडले. “गाव मला गायला हवं, झुबेरच्या अब्बा. राहायला नको. मला नाही तिथं जायचं. मालकाला हो म्हणून टाका.”